सवंगड्यांचा चिटणीस

फुटबॉलचा सामना चालू असतां मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या मंडळींचे डोळे चेंडूबरोबर धांवत असतात. ज्यानें गोल केला त्याचें नांव दुसऱ्या दिवशीं शाळेंतील प्रत्येक मुलाच्या तोंडीं असतें. ज्यानें तो अडविला त्याचेंहि असतें. परंतु मैदानावर चुन्याच्या रेघा कोणीं मारून घेतल्या, पाहुण्या संघास पत्र कोणीं लिहिलें, पंच कोणीं ठरविला, सामना बरोबरींत सुटल्यास पुढें काय करावयाचें हें आधीं कोणीं लिहून ठेविलें, याची चौकशी कोणी करीत नाहीं. आम्हांसहि ती कधीं करावीशी वाटली नव्हती. पुढें एके वर्षीं सामन्यांची व्यवस्था आमच्याकडे आली. पाहुणा संघ कपडे बदलून मैदानावर येऊन उभा राहिला, पंच घड्याळाकडे पाहूं लागले, आणि चेंडूंत हवा भरण्याचा पंप कोणाच्या घरीं आहे हें आमच्यांतील एकासहि सांगतां येईना. अर्धा तास पाहुणे उन्हांत उभे होते. त्या दिवसापासून खेळाच्या मागें राबणाऱ्या माणसांविषयीं आमच्या मनांत आदर उत्पन्न झाला.

अशा माणसांपैकीं एकाची हकीकत आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगणार आहों. त्यांचें नांव आंतोन योहान्सोन. ते स्वीडन देशचे. त्यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८७७ रोजीं झाला व २९ जानेवारी १९५२ रोजीं ते वारले. १९०५ पासून १९२२ पर्यंत ते स्वीडिश फुटबॉल मंडळाचे चिटणीस होते आणि १९२३ पासून १९३७ पर्यंत त्याच मंडळाचे अध्यक्ष. एका खेळाच्या कारभारांत बत्तीस वर्षें! एवढ्या अवधींत खेळाडूंच्या तीन पिढ्या मैदानावर येऊन जातात.

योहान्सोन यांचें काम समजावयाचें तर त्यांच्या पूर्वीं स्वीडनमध्यें फुटबॉल कसा आला हें थोडें पाहिलें पाहिजे. स्वीडन हा युरोपच्या उत्तरेकडील लांबट देश. दक्षिण टोंकापासून उत्तर टोंकापर्यंत तो सुमारें १,५७० किलोमीटर पसरला आहे. हिंवाळ्यांत तेथील तळीं गोठतात आणि मैदानें बर्फाखालीं जातात. शरीर कमावण्याची आस्था त्या लोकांस फार जुनी. परंतु ती आस्था खेळापेक्षां कवायतीची अधिक. पेर हेन्रिक लिंग नांवाच्या गृहस्थांनीं १८१३ सालीं स्टॉकहोम येथें व्यायामशिक्षणाची एक मोठी संस्था काढली, आणि रांगेंत उभे राहून हुकुमाबरोबर हातपाय हलविण्याची त्यांची पद्धति पुढें इंग्लंडांतील शाळांतूनहि ‘स्वीडिश ड्रिल’ या नांवानें प्रसिद्ध झाली. या पद्धतींत शिस्त होती, आरोग्य होतें; हंसणें मात्र फारसें नसावें. ज्या देशानें जगास कवायत शिकविली त्या देशाच्या मुलांस चेंडूमागें मोकळें धांवावयास मात्र परक्यांनीं शिकवावें, ही गोष्ट आम्हांस मौजेची वाटते.

हे परके म्हणजे बहुतेक स्कॉटिश लोक. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर गॉथेनबर्ग नांवाचें मोठें बंदर आहे. तेथें ब्रिटनशीं व्यापार चाले, आणि तेथील कापडाच्या गिरणींत स्कॉटलंडहून आलेले कामगार होते. ते येतांना आपला धंदा घेऊन आले तसा आपला खेळहि घेऊन आले. या शहरांत ४ डिसेंबर १८८७ रोजीं ऑर्ग्रीटे नांवाचा एक क्लब निघाला होता. २२ मे १८९२ रोजीं शहरांतील हेडेन नांवाच्या मोकळ्या जागेवर या क्लबाचा दुसऱ्या एका स्थानिक क्लबाशीं फुटबॉलचा सामना झाला. ऑर्ग्रीटेच्या संघांत स्कॉटिश खेळाडूंचा भरणा होता. त्यांनीं एक गोल केला, समोरच्यांस एकहि करतां आला नाहीं. आजच्या नियमांप्रमाणें खेळला गेलेला स्वीडनमधील पहिला सामना तो हाच. चार वर्षांनीं, १८९६ मध्यें, देशाचें पहिलें अजिंक्यपदहि ऑर्ग्रीटेनेंच मिळविलें.

परंतु एका बंदरांत खेळ रुजला म्हणजे तो देशभर पसरला असें होत नाहीं. तो कसा पसरला, याची गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं मुद्दाम लक्ष देऊन वाचावी. कारण तींत मुख्य पात्रें त्यांच्याच वयाच्या आसपासचीं आहेत.

स्टॉकहोम येथें लुई सेटरस्टेन आणि पेर एनेमार्क असे दोन तरुण विद्यार्थी होते. आपल्या पेठेपुरता किंवा शाळेपुरता क्लब काढावा, एवढ्यावर त्यांचें समाधान होईना. सर्व देशभर शाखा असलेली, एकाच नांवाची, एकाच रंगाची अशी खेळाची एक संस्था असावी, अशी त्यांची कल्पना. मोठी माणसें असतीं तर त्यांनीं प्रथम सभा बोलाविली असती, वर्गणीची यादी फिरविली असती, एखाद्या श्रीमंत गृहस्थास अध्यक्ष केलें असतें. या दोघांपाशीं यांतलें कांहींच नव्हतें. परंतु त्या वेळीं स्वीडनमध्यें मुलांसाठीं एक पत्र निघत असे. त्याचें नांव ‘काम्रातेन’, म्हणजे ‘सवंगडी’. या पत्रांत १ फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांचें निवेदन प्रसिद्ध झालें: आपापल्या गांवीं शाखा काढा, आम्हांस येऊन मिळा. बस्स, एवढेंच.

आणि मुलें येऊन मिळालीं. मार्च महिना संपतो न संपतो तोंच स्टॉकहोमखेरीज उप्साला, वेस्तेरोस, गॉथेनबर्ग अशा गांवीं शाखा उघडल्या. पार उत्तरेकडे, जेथें हिंवाळ्यांत दुपारींच अंधार पडतो त्या लूलेओ गांवींहि एक उघडली. ज्या पत्रानें त्यांस एकत्र आणिलें त्या पत्राचेंच नांव संस्थेनें घेतलें. तिच्या स्वीडिश नांवाचा अर्थ ‘सवंगड्यांचा खेळसंघ’ असा होतो, व त्याचीं आद्याक्षरें घेऊन तिला आय. एफ. के. म्हणतात. निळा व पांढरा हे तिचे रंग, चार टोंकांची चांदणी ही तिची खूण. आजहि स्वीडनच्या नकाशावर पाहिलें तर गांवाच्या नांवामागें आय. एफ. के. हीं अक्षरें लावलेले क्लब शंभरांवर सांपडतात. सगळ्याच शाखा पहिल्या झटक्यांत टिकल्या असें मात्र नाहीं. गॉथेनबर्गच्या मुलांस तर नव्यानें आरंभ करावा लागला. ४ ऑक्टोबर १९०४ रोजीं एका कॉफीगृहांत बसून त्यांनीं आपली शाखा पुन्हां स्थापन केली, आणि याच शाखेनें पुढें, १९८२ व १९८७ या सालीं, युरोपांतील मोठ्या चषकांपैकीं एक, यूईएफए चषक, दोन वेळां जिंकला.

या सवंगड्यांच्या स्टॉकहोम येथील क्लबांतून आंतोन योहान्सोन पुढें आले. निवेदन निघालें तेव्हां ते सतरा वर्षांचे होते.

आतां इ. स. १९०४ हें साल पाहूं. त्या वर्षीं २१ मे रोजीं पॅरिस येथें सात देशांच्या नांवानें आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघ स्थापन झाला. आज ज्याला जग फीफा म्हणून ओळखतें तोच हा. त्या सातांत स्वीडनचें नांव आहे. गंमत अशी कीं, त्या दिवशीं स्वीडनमध्यें स्वतंत्र फुटबॉल मंडळच नव्हतें! स्वीडनच्या वतीनें बोलण्याचा अधिकार पॅरिसमध्यें बसलेल्या एका डॅनिश गृहस्थांकडे देण्यांत आला होता. मंडळ स्थापन झालें तें त्याच वर्षीं १८ डिसेंबर रोजीं, स्टॉकहोम येथें. म्हणजे बारसें आधीं झालें आणि मूल मागाहून जन्मलें. मंडळाचे पहिले अध्यक्ष काउंट क्लॅरेन्स फॉन रोसेन हे घोडेस्वारींत नांवाजलेले सरदार होते. अशा नव्या संस्थेस सरदाराच्या नांवाचा उपयोग होतो, हें खरें. परंतु टपाल उघडून पाहण्यास दुसरें कोणी तरी लागतें. पुढच्याच वर्षीं, १९०५ मध्यें, तें काम सत्तावीस वर्षांच्या योहान्सोन यांच्याकडे आलें.

चिटणिसाचें काम म्हणजे काय, हें आम्ही थोडें विस्तारानें सांगतों. कारण पुष्कळांस तें केवळ सभेचें टिपण लिहिण्याचें काम वाटतें. एका गांवचा क्लब दुसऱ्या गांवच्या क्लबाशीं खेळूं लागला कीं शेंकडों प्रश्न उभे राहतात. एकच खेळाडू या रविवारीं एका क्लबातर्फे व पुढच्या रविवारीं दुसऱ्यातर्फे खेळला तर चालेल काय? पाहुण्यांच्या आगगाडीचें भाडें कोणीं द्यावें? पंचाचा निर्णय चुकला अशी तक्रार आली तर ती कोणीं ऐकावी, आणि किती दिवसांच्या आंत? नियमांच्या इंग्रजी शब्दांचा अर्थ उत्तरेकडे एक व दक्षिणेकडे दुसरा होऊं लागला तर खरा कोणता धरावा? बर्फ वितळून मैदानें कोरडीं झाल्यापासून तें पुन्हां पडेपर्यंत जे थोडे महिने मिळतात त्यांत सगळे सामने कसे बसवावे? या प्रत्येक प्रश्नाचें उत्तर कोणाला तरी कागदावर लिहून, त्याच्या प्रती काढून, पोस्टांत टाकाव्या लागतात. उत्तर एकदां चुकलें तर एक क्लब रुसतो; दोनदां चुकलें तर दुसरें मंडळ निघतें. मैदानावर चेंडू सरळ जावा म्हणून कचेरींत किती वांकड्या वाटा तुडवाव्या लागतात, याची कल्पना प्रेक्षकास नसते.

योहान्सोन चिटणीस असतांनाच १२ जुलै १९०८ रोजीं गॉथेनबर्ग येथें स्वीडनचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. प्रतिस्पर्धी शेजारचा नॉर्वे. स्वीडननें ११ गोल केले, नॉर्वेनें ३. सर्व देश आनंदला. परंतु हा आनंद शंभर दिवस टिकला. ऑक्टोबरांत लंडन येथें ऑलिंपिक सामने झाले, आणि २० तारखेस ब्रिटनच्या हौशी संघानें स्वीडनवर १२ गोल चढविले. स्वीडनला मोबदल्यांत कसाबसा एक मिळाला. आपण किती पाण्यांत आहों हें एका वर्षांत इतक्या स्वच्छपणें फार थोड्या संघांस समजलें असेल.

याच्या चार वर्षांनंतर ऑलिंपिक सामने स्टॉकहोम येथेंच भरले. फुटबॉलसाठीं अकरा देशांचे संघ आले. २९ जून ते ५ जुलै १९१२ या सात दिवसांत, तीन मैदानांवर, पहिल्या फेऱ्यांत हरलेल्या संघांचे सांत्वनपर सामने धरून एकूण सतरा सामने उरकावयाचे होते. वाचकांपैकीं कोणी चार वर्गांचे सामने एका आठवड्यांत घेण्याचा प्रयत्न केला असेल तर त्यास हा आंकडा समजेल. १ जुलै रोजीं जर्मनीनें रशियावर १६ गोल केले व त्यांतील दहा गोटफ्रीड फुक्स या एकट्या खेळाडूचे होते. हा सामना स्टॉकहोमला लागून असलेल्या रोसुंडा येथील मैदानावर झाला. या रोसुंडा नांवाशीं आपणांस पुन्हां गांठ पडणार आहे, म्हणून तें लक्षांत ठेवावें. यजमान स्वीडनचें काय झालें म्हणाल, तर हॉलंडशीं जादा वेळ खेळून ते ३ विरुद्ध ४ गोलांनीं हरले, आणि सांत्वनपर सामन्यांत इटलीकडून एका गोलानें. व्यवस्था उत्तम, निकाल वाईट. यजमानाच्या घरीं पंगत उत्तम व्हावी आणि वाढतां वाढतां त्याचें स्वतःचें जेवण राहून जावें, तसें झालें.

योहान्सोन १९२३ सालीं अध्यक्ष झाले आणि पुढच्याच वर्षीं दोन मोठ्या गोष्टी घडल्या. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें स्वीडननें मागील विजेत्या बेल्जमला ८ विरुद्ध १ असें हरविलें व शेवटीं तिसरा क्रमांक मिळविला. फुटबॉलमधील हें त्यांचें पहिलें ऑलिंपिक पदक. दुसरी गोष्ट, आमच्या मतें, याहून महत्त्वाची. १९२४ च्या ऑगस्टांत ‘आल्‌स्वेन्स्कान’ म्हणजे ‘अखिल स्वीडिश’ नांवाची सामन्यांची मालिका सुरू झाली. तोंपर्यंत अजिंक्यपद बादफेरीनें ठरत असे: हरला कीं घरीं गेला. नव्या पद्धतींत बारा क्लब; प्रत्येकानें प्रत्येकाशीं एकदां आपल्या व एकदां त्याच्या मैदानावर खेळावयाचें. म्हणजे प्रत्येक क्लबास बावीस सामने, आणि एकंदर १३२. हरलेल्यास पुढच्या आठवड्यांत पुन्हां संधि. खेळाडू सुधारतो तो एका मोठ्या सामन्यानें नव्हे, अशा आठवड्यामागून आठवडा चालणाऱ्या सामन्यांनीं. ही पद्धति तेथें अजूनहि चालू आहे. क्लबांची संख्या तेवढी वाढली.

येथवरची हकीकत सुरळीत आहे. आतां जी सांगावयाची ती तितकी सुरळीत नाहीं.

स्वीडिश मंडळाचा एक कडक नियम होता. खेळाडूनें केवळ हौसेनें खेळावें; खेळण्याबद्दल पैसा घेऊं नये, क्लबानें देऊं नये. इंग्लंडांत धंदेवाईक खेळाडूंस १८८५ पासूनच मुभा होती; स्वीडननें ती दिली नाहीं. दक्षिण टोंकास मालमो नांवाचें शहर आहे. तेथें दोन क्लब होते: एक मालमो एफ. एफ. आणि दुसरा आय. एफ. के. मालमो, म्हणजे आपल्या सवंगड्यांचाच एक. दोघेहि आल्‌स्वेन्स्कानमध्यें खेळत. १९३४ सालीं मालमो एफ. एफ. आपल्या खेळाडूंस पैसे देतो अशी तक्रार मंडळाकडे गेली, आणि ती नेली शेजारच्या सवंगडी क्लबानें. चौकशी झाली. मालमो एफ. एफ. ला वरच्या वर्गांतून काढून टाकण्यांत आलें. त्याच्या कार्यकारी मंडळावर आणि सव्वीस खेळाडूंवर बंदी आली. त्या वेळीं मंडळाचे अध्यक्ष योहान्सोन होते.

तक्रार करणाऱ्या क्लबाचें करणें चहाडी म्हणावें कीं कर्तव्य? आमच्या एका वर्गांत आम्हीं हा प्रश्न विचारला तेव्हां मुलांत सरळ दोन तट पडले, आणि तास संपल्याची घंटा झाली तरी वाद मिटेना. मालमोच्या लोकांचें म्हणणें असें कीं, असे पैसे त्या काळीं पुष्कळ क्लब देत. पकडले गेलों तेवढे आम्ही. हें खरें असलें तरी बचाव म्हणून लंगडें आहे. पेपर फोडणारा विद्यार्थीहि हेंच सांगतो. परंतु नियमाविषयींहि आम्हांस दोन शब्द बोलल्यावांचून राहवत नाहीं. ‘हौसेनें खेळा’ असें सांगणें सोपें. पण ती हौस कोणास परवडते? ज्याच्या घरीं सुबत्ता आहे तो दोन दिवसांच्या प्रवासास आनंदानें जाईल. गिरणींत वा गोदींत काम करणाऱ्यानें गैरहजर राहून बुडालेली रोजी कोठून भरून काढावी? फुटबॉल हा देशांत मुळीं कामगारांनींच आणलेला खेळ. त्यांसच या नियमाचा कांच अधिक. म्हणून नियम वाईट होता असें आमचें मत आहे. परंतु वाईट नियम गुपचूप मोडणें आणि तो उघड वाद घालून बदलून घेणें यांत अंतर आहे, आणि मंडळाच्या प्रमुखास तो जोंवर पुस्तकांत लिहिलेला आहे तोंवर सर्वांस सारखाच लावावा लागतो. योहान्सोन यांच्या जागीं बसणें त्या वर्षीं सुखाचें नसावें. हा नियम शेवटीं १९६७ सालीं रद्द झाला. मालमो एफ. एफ. मात्र खचला नाहीं. दोन वर्षांत तो वरच्या वर्गांत परत आला व १९४४ सालीं देशाचा विजेता झाला.

त्याच १९३४ सालीं जागतिक चषकाच्या सामन्यांसाठीं स्वीडनचा संघ प्रथमच गेला. बोलोन्या येथें त्यानें अर्जेंटिनाला ३ विरुद्ध २ असें हरविलें. अटलांटिक महासागर ओलांडून आलेला तो संघ एका सामन्यांतच परत फिरला. स्वीडनची ही कीर्ति सुमारें दोनच वर्षें टिकली. ४ ऑगस्ट १९३६ रोजीं बर्लिन ऑलिंपिकमध्यें त्यांची गांठ जपानशीं पडली. स्वीडनचे दोन गोल आधीं झाले. सामना खिशांत असें सर्वांस वाटलें. नंतर जपाननें तीन गोल केले. आकाशवाणीवर स्वेन येरिंग हे प्रसिद्ध निवेदक वर्णन सांगत होते. जपानी खेळाडू जिकडेतिकडे दिसूं लागल्यामुळें त्यांच्या तोंडून ‘जपानी, जपानी, पुन्हां जपानी’ याशिवाय शब्दच निघेनात, आणि स्वीडनच्या घराघरांत लोक तें ऐकत बसले. हें वर्णन तेथील लोक अजून विसरलेले नाहींत. ज्या देशास आपण धडा शिकवूं असें वाटतें त्यानेंच आपणांस शिकवावें, हा प्रसंग आमच्याहि मैदानावर कधीं कधीं येतो.

पुढच्या वर्षीं, म्हणजे १९३७ सालीं, रोसुंडा येथें जुन्या मैदानाच्या जागीं नवें मोठें क्रीडागार उघडलें. पांचसहा हजार प्रेक्षकांपुढें भांडतभांडत वाढलेल्या खेळास आतां राष्ट्राचें म्हणावें असें घर मिळालें. त्याच वर्षीं योहान्सोन अध्यक्षपदावरून निवृत्त झाले. ते साठीला आले होते.

जें पेरलें त्याचें पीक पाहण्यास ते आणखी पंधरा वर्षें जगले, ही आम्ही मोठी गोष्ट समजतों. महायुद्धाच्या काळांत स्वीडन तटस्थ राहिला, तेथील सामने बंद पडले नाहींत. त्या दिवसांत नॉरशेपिंग गांवचा आय. एफ. के. क्लब इतका बलिष्ठ झाला कीं, १९४३ ते १९४८ या सहा वर्षांत त्यानें पांच वेळां अजिंक्यपद घेतलें. त्याच्या संघांत गुन्नार नुर्दाल होता. आग विझविणाऱ्या बंबवाल्यांत तो नोकरीस असे. नील्स लीडहोल्म हाहि याच क्लबाचा. तिसरा गुन्नार ग्रेन गॉथेनबर्गच्या आय. एफ. के. मधला. हे तिघेहि १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें स्वीडनतर्फे खेळले. डेन्मार्कशीं झालेल्या सामन्यांत एक चमत्कारिक प्रकार घडला. चढाई चालू असतां नुर्दाल आपण ऑफसाइड आहों हें ओळखून समोरच्या गोलाच्या जाळ्यांतच शिरला, म्हणजे मैदानाबाहेर गेला. इतक्यांत त्याच्या सोबत्यानें डोक्यानें मारलेला चेंडू गोलांत आला, आणि तो आंत उभ्या असलेल्या नुर्दालनेंच झेलला! गोल धरण्यांत आला. १३ ऑगस्ट रोजीं वेम्ब्ली येथें युगोस्लाव्हियास ३ विरुद्ध १ असें हरवून स्वीडननें सुवर्णपदक मिळविलें. लंडन येथेंच चाळीस वर्षांपूर्वीं त्यांच्यावर बारा गोल झाले होते. याच स्पर्धेंत आपल्या स्वतंत्र भारताचाहि संघ होता. ३१ जुलै रोजीं, बहुतेक खेळाडू अनवाणी असतां, तो फ्रान्सशीं २ विरुद्ध १ असा थोडक्यांत हरला, आणि दोन पेनल्टी हातच्या गेल्या ही हळहळ आपल्या लोकांस पुष्कळ वर्षें राहिली.

या विजयानंतर वर्षभरांत नुर्दाल, ग्रेन व लीडहोल्म हे तिघेहि इटलींतील मिलान क्लबाकडे पगारी खेळाडू म्हणून गेले, आणि जुन्या नियमामुळें राष्ट्राच्या संघास पारखे झाले. त्यांच्यावांचून गेलेल्या स्वीडिश संघानें १९५० च्या जागतिक चषकांत तरीहि तिसरा क्रमांक पटकावला. तेवढें पाहून दोन वर्षांनीं योहान्सोन वारले.

यानंतरचें त्यांनीं पाहिलें नाहीं. १९५८ चा जागतिक चषक स्वीडनमध्यें भरला. धंदेवाईक खेळाडूंस राष्ट्रीय संघांत घेण्याची मुभा आतां मिळाली होती, म्हणून ग्रेन व लीडहोल्म परत आले. दोघांचींहि वयें पस्तिशीला पोहोंचलेलीं. २९ जून रोजीं अंतिम सामना झाला, तो रोसुंडा येथेंच. चौथ्याच मिनिटाला कर्णधार लीडहोल्मनें गोल केला. पुढें ब्राझीलनें पांच केले, त्यांतील दोन सतरा वर्षांच्या पेलेचे. स्वीडनला आणखी एकच करतां आला. खेळ संपल्यावर प्रेक्षकांनीं पाहुण्यांचें मनापासून कौतुक केलें.

त्या मैदानावर राष्ट्रीय संघाचा शेवटचा सामना १५ ऑगस्ट २०१२ रोजीं झाला. निरोपासाठीं मुद्दाम ब्राझीललाच बोलाविलें होतें; ब्राझील ३ गोलांनीं जिंकला. नंतर रोसुंडाचें क्रीडागार पाडण्यांत आलें, आणि ज्या जागेवर १९१२ सालीं जर्मनीनें सोळा गोल केले, व १९५८ सालीं पेलेनें दोन, तेथें आतां लोकांचीं राहतीं घरें उभीं आहेत.